विंडोज किंवा लिनक्स टाकताना पार्टिशनच्या पडद्यावरच अडतंय? नेहमीच्या अडचणी आणि उपाय

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि तेव्हापासून घरातले, क्लासमधले, दुकानातले जुने कॉम्प्युटर पुन्हा उघडले जाताहेत. कुणी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतंय, कुणी विंडोज ११ टाकतंय, तर कुणाचं मशीन त्यात बसत नाही म्हणून उबुंटू किंवा मिंट हे लिनक्स टाकून बघितलं जातंय. पेनड्राइव्ह तयार होतो, मशीन त्यावरून सुरू होतं, भाषा आणि कीबोर्ड निवडून होतो. मग डिस्क निवडायचा पडदा येतो आणि काम तिथंच थांबतं.

तिथं दिसणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. निवडलेल्या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल (सी, डी अशा भागांची जुन्या पद्धतीची नोंद) आहे, म्हणून विंडोज टाकता येणार नाही. किंवा नेमकं उलटं: डिस्क जीपीटी प्रकारची आहे, म्हणून टाकता येणार नाही. किंवा यादीत डिस्कच नाही. किंवा मोकळी जागा दिसते, पण तिच्यापुढे ‘अनयुजेबल’ लिहिलेलं. आणि ज्यांना विंडोजच्या शेजारी लिनक्स हवंय त्यांची तक्रार म्हणजे सी ड्राइव्हमध्ये दोनशे जीबी मोकळे असताना श्रिंक (म्हणजे लहान) करायला चार-पाच जीबीच मिळतात.

यावर सर्वत्र मिळणारा सल्ला एकच: सगळी पार्टिशनं उडव, फॉरमॅट मार, नव्यानं टाक. तो चालतोही, कारण डिस्क पूर्ण रिकामी झाली की विंडोजचा सेटअप मशीन ज्या मोडमध्ये (यूईएफआय की जुना बायोस, ते पुढे येतंच) सुरू झालंय त्याला साजेसं टेबल स्वतःच बनवतो. पण डी, ई, एफ ड्राइव्हमधला सगळा डेटा त्यात जातो. आणि मोड चुकीचा असेल, तर टेबलही चुकीचंच बनतं आणि पुढच्या वेळी हीच कटकट परत येते. या तक्रारींमध्ये डिस्क खराब असणं हे फार क्वचित निघतं. म्हणून डिलीटच्या बटणाकडे हात नेण्याआधी काय बघायचं ते सांगतो.

एमबीआर की जीपीटी: भांडण डिस्कशी नाही, मोडशी आहे

डिस्कवर कुठलं पार्टिशन कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं याची नोंद डिस्कच्याच सुरुवातीला असते. एमबीआर ही जुनी पद्धत, १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर डॉस २.० मध्ये आलेली. पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्येच सगळं कोंबलेलं: सुरुवातीचे ४४६ बाइट बूट कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या नोंदींना आणि २ बाइट खुणेला. एका नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून नोंदी चारच. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो, म्हणून २ टीबीच्या पुढचं त्याला मोजताच येत नाही. जीपीटी नंतरची, यूईएफआयबरोबरची (मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या बायोसच्या जागी आलेली नवी व्यवस्था). तिच्यात साधारणपणे १२८ नोंदी बसतात, त्यांची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि नोंदी बिघडल्यात का हे तपासायला चेकसमही असतो.

विंडोजचा नियम कडक आहे. मशीन यूईएफआय मोडमध्ये सुरू झालं असेल तर बूट होणारी डिस्क जीपीटीच हवी. जुन्या बायोस म्हणजे लेगसी मोडमध्ये सुरू झालं असेल तर एमबीआरच हवी. मधला मार्ग नाही. लिनक्स इथं बराच सैल आहे. बायोस मोडमध्येही ते जीपीटी डिस्कवर चालतं, फक्त ग्रबसाठी (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) १ एमबीचं छोटंसं ‘बायोस बूट’ पार्टिशन लागतं. ते केलं नाही तर इन्स्टॉलेशन शेवटाला येऊन ग्रबपाशी अडकतं.

आता मेख अशी, की एकाच पेनड्राइव्हवरून मशीन दोन्ही मोडमध्ये सुरू होऊ शकतं. बूट मेनू उघडा (डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ १२, एचपीवर एफ ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप) आणि नीट वाचा. तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावानं आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून. घाईत पहिला दिसला तो निवडला जातो आणि पुढचा सगळा घोळ तिथं सुरू होतो. रुफस या साधनानं पेनड्राइव्ह बनवताना ‘पार्टिशन स्कीम’ विचारली जाते, तिथं एमबीआर निवडलं की जीपीटी, यावरही पेनड्राइव्ह कुठल्या मोडमध्ये चालेल ते ठरतं. विंडोज ११ साठी तिथं जीपीटी आणि यूईएफआय हेच ठेवा.

सध्याचं विंडोज कुठल्या मोडमध्ये चालतंय हे बघायला स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा आणि ‘बायोस मोड’ची ओळ वाचा. तिथं यूईएफआय असेल किंवा लेगसी. लिनक्सच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवर असाल तर ‘सिस’ फोल्डरातल्या ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर आहे का बघा. असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी. विंडोजच्या सेटअपमध्येच अडकला असाल तर शिफ्ट आणि एफ १० एकत्र दाबा, काळी खिडकी उघडते. तिथं डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क. जीपीटीच्या रकान्यात तारा असेल ती डिस्क जीपीटी, नसेल ती एमबीआर. काही लॅपटॉपवर शिफ्ट-एफ १० साठी एफएन बटणही बरोबर दाबावं लागतं.

इतकं कळलं की उपाय निवडता येतो.

‘डिस्क जीपीटी आहे’ ही तक्रार असेल तर डिस्कला हात लावू नका. मशीन बंद करा, बूट मेनूतून यूईएफआयवाली ओळ निवडून पुन्हा सुरू करा. ती ओळच दिसत नसेल तर बायोसमध्ये बूट मोड ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’वर (जुना बायोस मोड चालवणारी सोय) ठेवलेला आहे का ते बघा. कुणीतरी कधीतरी विंडोज ७ टाकण्यासाठी तो तसा करून ठेवलेला असतो आणि नंतर कुणी परत बदललेला नसतो.

‘डिस्क एमबीआर आहे’ ही तक्रार असेल आणि डिस्कवरचं काहीही नको असेल, तर त्याच काळ्या खिडकीत एकामागून एक, प्रत्येक ओळीनंतर एंटर:

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क
सिलेक्ट डिस्क ०
क्लीन
कन्व्हर्ट जीपीटी
एक्झिट

अर्थातच हे टाइप इंग्रजीत करायचं. शून्य हा क्रमांक मी उदाहरणादाखल लिहिलाय. तुमची डिस्क कुठली ते आकारावरून ठरवा. विंडोज १०२४ च्या हिशोबानं मोजतं, म्हणून ५०० जीबीची डिस्क ४६५, १ टीबीची ९३१, २५६ ची एसएसडी २३८ आणि ५१२ ची ४७६ दिसते. यादीत पेनड्राइव्हही असतो, मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल तर तीही असते. ‘क्लीन’ खात्री विचारत नाही, एंटर दाबल्याक्षणी काम होतं. दोन सारख्या आकाराच्या डिस्क असतील तर एकीची केबल काढून ठेवा, अंदाज बांधू नका.

डेटा हवा असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन आहे. ते विंडोज असलेली डिस्क डेटा न उडवता जीपीटी करतं. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी फक्त तपासणी करा: एमबीआरटूजीपीटी, मग स्लॅश व्हॅलिडेट, स्लॅश अलाउफुलओएस. तपासणी पार पडली तरच व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याआधी सस्पेंड करा. रूपांतर झाल्यावर लगेच बायोसमध्ये जाऊन मोड यूईएफआय करा, नाहीतर ‘बूट होणारी डिस्क सापडत नाही’ असा संदेश येईल. घाबरू नका, डिस्क शाबूत असते, फक्त मोड बदलायचा राहिलेला असतो.

पण आपल्याकडच्या मशिनांवर ही तपासणी बऱ्याचदा नापास होते आणि त्याचं कारण आपली जुनी सवय आहे. असेंबल केलेला कॉम्प्युटर घेतला की दुकानदार सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह करून देणार, त्याशिवाय गिऱ्हाइकाला समाधान नाही. एमबीआरवर यातला सी प्रायमरी (टेबलच्या चार नोंदींतली एक थेट त्याची) असतो आणि बाकीचे बहुतेक वेळा एका एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटातले लॉजिकल. एमबीआरटूजीपीटीला एक्स्टेंडेड अजिबात चालत नाही आणि प्रायमरीही जास्तीत जास्त तीनच चालतात, कारण चौथी जागा त्याला ईएफआय (बूटच्या फायली ठेवणाऱ्या) पार्टिशनसाठी लागते. तेव्हा डी, ई, एफ मधला माल बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवायचा, ती पार्टिशनं आणि त्यांना पोटात घेणारं एक्स्टेंडेड डिस्क मॅनेजमेंटमधून काढायचं, मग रूपांतर करायचं. बाहेरच्या डिस्कवर घेतलेल्या दोन-चार मोठ्या फायली उघडून बघा आणि मगच काढा. कॉपी पूर्ण झाली असं विंडोजनं सांगणं आणि फाइल उघडणं यात फरक असतो.

मशीनच इतकं जुनं असेल की त्यात यूईएफआय नाही, साधारण २०१० किंवा त्याआधीचं, तर एमबीआर आणि लेगसी हीच जोडी ठेवा आणि त्यावर हलकं लिनक्स टाका. विंडोज ११ ला यूईएफआय, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. वळसे घालून ते अशा मशीनवर टाकता येतं हे खरं, पण पुढच्या एखाद्या अपडेटला ते अडलं की निस्तरायला तुम्हीच असता.

जागा आहे, पण ‘अनयुजेबल’

याची कारणं दोन. पहिलं: डिस्क २ टीबीपेक्षा मोठी आणि टेबल एमबीआर. ४ टीबीची डिस्क अशा वेळी २०४८ जीबी आणि साधारण १६७८ जीबी अशा दोन तुकड्यांत दिसते आणि दुसऱ्या तुकड्याला हात लावता येत नाही. जीपीटी केल्याशिवाय सुटका नाही.

दुसरं कारण जास्त आढळतं: चार प्रायमरी पार्टिशनांचा कोटा भरलेला. विंडोज ७ च्या काळातल्या ब्रँडेड लॅपटॉपवर कंपनीचं रिकव्हरी, विंडोजचं छोटं सिस्टिम पार्टिशन, सी आणि डी असे चार प्रायमरी सर्रास असत. डी श्रिंक करून पन्नास जीबी मोकळे केले, पण पाचवी नोंद लिहायला टेबलमध्ये जागाच नाही. म्हणून उबुंटूचा इन्स्टॉलर त्या जागेला ‘अनयुजेबल’ म्हणतो. उपाय असा: डी मधला डेटा बाहेर काढा, डी डिलीट करा, आणि त्या सगळ्या मोकळ्या जागेत लिनक्सच्या जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनानं एक एक्स्टेंडेड करून त्याच्या आत डी आणि लिनक्स दोन्ही लॉजिकल म्हणून बसवा. लिनक्सला लॉजिकल पार्टिशनवरून चालायला काहीच अडचण नाही.

इथं एक सापळा आहे आणि त्यात पुष्कळ लोक अडकतात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाचवं पार्टिशन करायला गेलात, तर ते ‘नाही’ म्हणत नाही. डिस्क डायनॅमिक (विंडोजच्या स्वतःच्या वेगळ्या पद्धतीची) करू का, असं विचारतं. खिडकीत मजकूर बराच असतो, तो कोण वाचतो, ‘येस’ दाबला जातो. पाचवं पार्टिशन होतं, सगळे खूश. काही महिन्यांनी लिनक्स टाकायला किंवा विंडोज नव्यानं टाकायला जावं, तर इन्स्टॉलर त्या डिस्कवर काम करायला नकार देतो. आणि डायनॅमिकची पुन्हा बेसिक (साधी) करायची मायक्रोसॉफ्टची अधिकृत वाट एकच: सगळी व्हॉल्यूम डिलीट करा. डिस्कपार्टच्या लिस्ट डिस्कमध्ये ‘डीवायएन’ हा रकाना असतो, तिथं तारा दिसला तर आधी संपूर्ण बॅकअप आणि मगच पुढचं बोलणं.

यादीत डिस्कच नाही

नव्या लॅपटॉपवर हे हमखास होतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्टोरेज व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असतं आणि विंडोजच्या सेटअपजवळ त्याचा ड्रायव्हर नसतो. एसएसडी ठणठणीत असते, सेटअपला ती दिसत नाही एवढंच. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर स्टोरेजच्या विभागात ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’चा ड्रायव्हर मिळतो. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून उलगडा, ‘आयएनएफ’ फायली असलेलं फोल्डर पेनड्राइव्हवर टाका आणि सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’वरून ते दाखवा. डाउनलोड केलेली ‘ईएक्सई’ तशीच टाकून उपयोग नाही, सेटअप ती वाचत नाही.

दुसरी वाट म्हणजे बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं. डिस्क कोरी करून नव्यानं टाकायचं असेल तर ही सोपी. पण आधीचं विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर एकदम बंद करू नका. विंडोज पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर येऊन ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत बसेल. तसं झालंच तर बायोसमधला बदल उलटा केला की विंडोज परत चालू होतं. नीट करायचं असेल तर आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ मोड लावायचा, मशीन पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये बदल करायचा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यायचं आणि मग सेफ मोड काढायचा. उबुंटूचा इन्स्टॉलर आरएसटी (इंटेल रॅपिड स्टोरेज) चालू आहे म्हणून थांबला तरी हीच कृती.

एसएसडी नुकतीच बसवली असेल तर एक साधी गोष्टही तपासा. एम.२ आकाराच्या एसएसडी दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. काही स्लॉट त्यातली एकच जात ओळखतात. बायोसमध्येही डिस्क दिसत नसेल तर ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा.

दोन डिस्क असतील तर एक काढा

‘नवीन पार्टिशन बनवता आलं नाही किंवा आधीचं सापडलं नाही’ असा गोंधळात टाकणारा संदेश येतो, तेव्हा बऱ्याचदा कारण मशीनमध्ये अडकवलेलं एखादं मेमरी कार्ड, दुसरा पेनड्राइव्ह किंवा जादा हार्ड डिस्क असतं. सगळं काढा, फक्त जिच्यावर टाकायचं ती डिस्क आणि इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह ठेवा.

याला आणखी एक, जास्त महत्त्वाचं कारण आहे. जुन्या हार्ड डिस्कवर आधीपासून ईएफआय पार्टिशन असेल, तर नव्या एसएसडीवर विंडोज टाकतानाही सेटअप बूटच्या फायली त्या जुन्या डिस्कवरच्या पार्टिशनमध्ये ठेवून मोकळा होतो. तुम्हाला कळत नाही, कारण सगळं व्यवस्थित चालतं. वर्षभरानं जुनी डिस्क आवाज करायला लागते, तुम्ही ती काढता, आणि नव्या एसएसडीवरचं विंडोज सुरूच होत नाही. इन्स्टॉलेशनपुरती जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायला दोन मिनिटं लागतात.

श्रिंक होत नाही

डिस्क मॅनेजमेंट सी ड्राइव्ह फक्त शेवटाकडून लहान करू शकतं, आणि वाटेत हलवता न येणारी एखादी फाइल भेटली की तिथं थांबतं. पेजफाइल (मेमरीला जोड म्हणून वापरली जाणारी), हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती आणि एनटीएफएसच्या (विंडोजची फायली ठेवायची पद्धत) स्वतःच्या नोंदी या त्या फायली. दोनशे जीबी मोकळे असले तरी यातली एखादी ड्राइव्हच्या शेवटाजवळ बसलेली असेल तर पाचच जीबी मिळणार.

तेव्हा तात्पुरतं त्यांना उठवायचं. अॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ. यानं हायबरनेशनची फाइल जाते आणि फास्ट स्टार्टअपही बंद होतं, ते तसंही करायचंच आहे. सिस्टिम प्रोटेक्शनमधून सी चं प्रोटेक्शन बंद करून जुने रिस्टोअर पॉइंट काढा. व्हर्च्युअल मेमरीत जाऊन सी ची पेजफाइल ‘नो पेजिंग फाइल’ करा. मशीन पुन्हा सुरू करा आणि आता श्रिंक करून बघा. झालं की पेजफाइल आणि प्रोटेक्शन परत चालू करा, हे विसरलं जातं. तरीही अडत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अॅप्लिकेशनच्या नोंदींत २५९ क्रमांकाची घटना शोधा. नेमकी कुठली फाइल आडवी आली तिचं नाव तिथं लिहिलेलं असतं. शेवटचा मार्ग म्हणजे जीपार्टेडच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून आकार कमी करणं. तो अशा फायलीही हलवू शकतो, पण त्यासाठी विंडोज पूर्ण बंद केलेलं आणि बिटलॉकर पूर्ण काढलेलं हवं. आणि आकार बदलण्याचं काम चालू असताना लाइट गेली तर डेटा जाऊ शकतो. इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर डेस्कटॉपवर हे लोडशेडिंगच्या वेळेजवळ करू नका. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा.

फास्ट स्टार्टअप का बंद करायचं तेही सांगतो. ते चालू असताना शटडाउन केलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि एनटीएफएस ड्राइव्ह तशाच उघड्या अवस्थेत सोडतं. मग लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडला तर तो फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. ‘लिनक्समध्ये माझ्या ड्राइव्हवर फाइल सेव्ह होत नाही’ या तक्रारीचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

बिटलॉकरची गोष्ट गंभीर आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केलेल्या अनेक विंडोज ११ लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट बदललं की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पण लॅपटॉप ज्या खात्यानं सुरू केला होता ते खातं दुकानातल्या मुलानं काढून दिलेलं असेल, तर पासवर्ड कुणाकडे? म्हणून आधी सेटिंग्जमध्ये बघा, चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, आणि मगच बायोसला हात लावा. की नसेल तर तो डेटा कुणीही परत आणू शकत नाही.

विंडोजशेजारी लिनक्ससाठी जागा

मोकळी जागा विंडोजमधून करा आणि ती ‘अनअलोकेटेड’च सोडा. त्यावर विंडोजमधून नवीन ड्राइव्ह बनवू नका. लिनक्सचा इन्स्टॉलर ती स्वतः वापरतो. उबुंटूला किमान २५ जीबी लागतात, मी पन्नास-साठच्या खाली जाणार नाही. होम (तुमच्या फायलींचं फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर ठेवायचं का, यावर लोक तावातावानं बोलतात. छोट्या एसएसडीवर ठेवू नका असं माझं मत, कारण एक भरतं आणि दुसरं रिकामं राहतं. स्वॅपसाठी (लिनक्सची पेजफाइलसारखी जागा) वेगळं पार्टिशन करायची गरज नाही, उबुंटू १७.०४ पासून स्वॅप फाइल वापरतं.

ईएफआय पार्टिशन मात्र नवीन करू नका, विंडोजचंच वापरा. ते फॅट३२ असतं आणि विंडोजनं बनवलेलं साधारण १०० एमबीचं असतं. इन्स्टॉलरमध्ये त्याचा माउंट पॉइंट (लिनक्समध्ये ते कुठं जोडायचं ती जागा) निवडा, पण ‘फॉरमॅट’ची खूण काढलेली आहे ना, हे दोनदा बघा. ते फॉरमॅट झालं की विंडोजच्या बूट फायली गेल्या. त्याच्या शेजारचं १६ एमबीचं, अक्षर नसलेलं पार्टिशन बघून ‘हे काय फालतू’ म्हणून काढणारेही असतात. ते विंडोजनं राखून ठेवलेलं आहे, राहू द्या.

सी ड्राइव्ह किती ठेवायचा? विंडोज ७ च्या काळातला ‘सी ला शंभर पुरे’ हा हिशोब आता चालत नाही. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची आहे आणि अपडेट स्वतःसाठी आणखी जागा मागतात. सी भरला, लाल पट्टी आली, की तो वाढवायला जावं तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करडं. कारण मोकळी जागा सी ला लागूनच, त्याच्या उजव्या बाजूला हवी. डी लहान करून मिळालेली जागा डी च्या पलीकडे असते, ती उपयोगाची नाही. कधी मध्ये रिकव्हरी पार्टिशन असतं. ते उगाच उडवू नका: आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये रीएजंटसी, स्लॅश डिसेबल, मग ते काढा, सी वाढवा, शेवटी जवळजवळ एक जीबी सोडून तिथं नवीन रिकव्हरी पार्टिशन करा आणि रीएजंटसी, स्लॅश एनेबल. जागा ऐसपैस सोडा. जानेवारी २०२४ मध्ये रिकव्हरी पार्टिशन अपुरं पडल्यानं विंडोज १० चा एक सुरक्षा अपडेट असंख्य मशिनांवर अडला होता आणि मायक्रोसॉफ्टला ते २५० एमबीनं वाढवायची कृती प्रसिद्ध करावी लागली होती.

एकच एसएसडी असेल तर सी आणि फार तर डी, बस. एफपर्यंत जाऊ नका.

चुकीचं पार्टिशन उडालं तर

पहिली गोष्ट, त्या डिस्कवर काहीही लिहू नका. पुन्हा पार्टिशन करणं नाही, फॉरमॅट नाही, त्याच डिस्कवर विंडोज टाकून ‘मग बघू’ तर नाहीच. पार्टिशन डिलीट करणं किंवा डिस्कपार्टचं साधं ‘क्लीन’ म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद खोडणं, जमीन जागेवरच असते. ‘क्लीन ऑल’ मात्र प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं, त्यानंतर शोधायला काही उरत नाही. एसएसडीवर फॉरमॅटनंतर ट्रिम (मोकळी झालेली जागा खरोखर पुसणारी कृती) चालतं आणि डेटा सहसा परत मिळत नाही, तेव्हा मशीन तिथल्या तिथं बंद करा.

नुसती नोंदच गेली असेल तर टेस्टडिस्क हे मोफत साधन कामाला येतं. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा किंवा लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालवा. ते टेबलचा प्रकार विचारतं, तेव्हा डिस्क आधी एमबीआर होती की जीपीटी तेच निवडायचं. एमबीआरला तिथं ‘इंटेल’ म्हटलंय, जीपीटीला ‘ईएफआय जीपीटी’. अॅनालाइज आणि क्विक सर्च झालं की सापडलेली पार्टिशनं दिसतात. त्यातल्या एकेकावर जाऊन पी दाबा, आतल्या फायलींची यादी येते. फोल्डरांची नावं तुमच्या ओळखीची असतील तर आधी हव्या त्या फायली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या, आणि मगच ‘राइट’ दाबून टेबल परत लिहा. यादी रिकामी किंवा अगम्य अक्षरांची आली तर ‘राइट’ दाबू नका, डीपर सर्च चालवा.